वाघ पाहायचाय की जंगल?

जंगलखात्यातून निवृत्त होऊन मी गोंदियाजवळ फुलचूरला घर बांधलं, तरी दूध घ्यायला गेले की दूधवाला विचारतोच, "मॅडम, तुमी वाघ किती पाहिले जी?" मी दरवेळी निराळा आकडा सांगते. खरा आकडा मलाच माहीत नाही. माझ्या हाती नोंद टिकत नाही, पेन तर तासभरही टिकत नाही. या अंकाच्या संपादकांनीसुद्धा वाघाचे थरारक अनुभव मागितले होते. त्यांची माफी मागून मी शेवंताबद्दल लिहिते आहे. शेवंता आमच्या गेटवरची गाईड. तिच्यापायी एका दिवाळीत मी जेवढी घाबरले आणि जेवढी हसले, तेवढी कोण्या वाघापायी नाही.

आधी गेटाचं काम काय असतं ते सांगते. नागझिऱ्याच्या जंगलात शिरायला वेगवेगळी गेटं आहेत. आमचं कोणतं ते लिहीत नाही, नाहीतर बाकीच्या गेटांचे गाईड माझ्या दारात भांडायला येतील. सकाळी आणि दुपारी उघड्या जिप्सी आत सोडायच्या, प्रत्येक जिप्सीत एक गाईड बसवायचा, आणि वेळ संपायच्या आत सगळ्यांना बाहेर काढून गेट लावायचं. गाईड आसपासच्या गावांतले. त्यांचे नंबर ठरलेले. एक नंबरची गाडी गेली की दोन नंबर, मग तीन. पाहुणा मंत्र्याचा साडू असो की शाळेतला शिपाई, ज्याची पाळी त्याचा पाहुणा. या पाळीला गेटावर देवासारखं मानतात. मी खिडकीत बसून पाळी लावायची आणि परत आलेल्या प्रत्येक गाडीला विचारायचं, "काय दिसलं?" ते वहीत लिहायचं. एवढंच काम, आणि त्यातही मी तीन नंबर दोनदा लिहायची.

आता आतली गोष्ट. वाघ काही रोज दिसत नाही. पण पाहुणा तीन तास हिरमुसून बसला तर बाहेर येऊन गाईडाच्या नावानं बोंब मारतो. म्हणून गाईडांची एक रीत पडली होती. मध्येच जिप्सी थांबवायची, हात वर करायचा, डोळे मोठे करायचे आणि म्हणायचं, "श्श! कॉल!" वाघ फिरायला निघाला की चितळ, वानरं ओरडून एकमेकांना सावध करतात, त्याला कॉल म्हणतात. खरा कॉल असो नसो, पाच मिनिटं गाडीत सगळ्यांचा श्वास अडकतो. मग गाईड हळूच म्हणतो, "गेला. थोडक्यात हुकला." पाहुणे खूश. या कलेतले उस्ताद म्हणजे धनराजभाऊ, आमचे नंबर एक आणि गाईडांच्या समितीचे अध्यक्ष. ते म्हणायचे, "मॅडम, वाघ तं आपल्या हातात नाई. आस तं हाय ना?"

शेवंताला हे नाटक येत नव्हतं. गाडीत चढली की तिचं पहिलं वाक्य, "वाघ काल सकाळी पहाडीत गेला. आज दिसनार नाई." झालं! घरून डबे बांधून आलेले लोक गेटातच तोंड पाडून बसत. कुणी हौसेनं "ताजा ठसा!" म्हणून ओरडलं की ही वाकून पाहायची आणि सांगायची, "परवाचा हाये. याच्यावरून मुंग्या गेल्या." आणि एकदा वारुळाबद्दल बोलायला लागली की वारुळात हवा कशी खेळते, कोणत्या भोकातून शिरते, कोणत्यातून निघते, हे सगळं संपल्याशिवाय थांबायची नाही. ड्रायव्हर बिचारे इंजिन बंद करून जांभया देत बसत.

ती तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाच्या घरची, पस्तिशी ओलांडलेली, भावाकडे राहणारी. गेटावर असली की कानात कापसाचे बोळे घालायची आणि जंगलात शिरली की काढून खिशात ठेवायची. जेवायला मोहाच्या एकाच झाडाखाली, डब्यात रोज भात आणि लाखोरीची डाळ. बोलताना कुणाच्या तोंडाकडे पाहायची नाही. मी एकदा टोकलं, तर म्हणाली, "तोंडावर लय हालून राहते जी मॅडम. तिकडं पाहू का तुमचं ऐकू?" बाकीचे गाईड तिला मागून सर्किट म्हणत, आणि खरं सांगायचं तर मीही तिला आगाऊच समजत होते.

तेव्हाची एक गोष्ट मला आजही टोचते. एका पाहुण्याशी तिनं वाद घातला म्हणून मी चिडून म्हटलं, "जा, पार्किंगमध्ये उभी राहा, मी बोलवेपर्यंत हलू नको." आणि कामाच्या गडबडीत मी तिला विसरले. दुपारच्या गाड्या सुटल्यावर पाहते तर ती हॉर्न वाजवणाऱ्या गाड्यांच्या मधोमध, दोन्ही तळहात कानांवर दाबून, डोळे मिटून उभी. डबासुद्धा उघडला नव्हता. दुसरं कुणी असतं तर मला दोन शिव्या घालून घरी गेलं असतं. मी तिची माफी मागितली, तर तिनं विचारलं, "आता हालू का?"

त्या रविवारी माझी सून घरी आली होती. ती नागपूरला विशेष मुलांच्या शाळेत शिकवते. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, सगळ्यांची डोकी एकाच साच्यातून निघत नाहीत. कुणाला आवाज सहन होत नाही, कुणाला शब्द जसाच्या तसा कळतो, कुणाला हातातलं काम अर्धवट सोडताच येत नाही. आता याला न्यूरोडायव्हर्सिटी म्हणतात. म्हणजे मेंदूची ठेवणच निराळी. न भेटता मी तिला कोणतं नाव चिकटवणार नाही, पण तुम्ही तिला हट्टी म्हणू नका." मग म्हणाली, "आणि रागावू नका, पण एका जागी न बसणं, दर तासाला पेन हरवणं, चार कामं एकदम काढणं, ही तुमचीही ठेवणच आहे बरं." मी तेव्हा फ्रिजमध्ये चष्मा शोधत होते, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती. दोन दिवस फुगून बसले आणि तिसऱ्या दिवशी मला एवढं हलकं वाटलं, एवढं हलकं वाटलं, की मी गेटावर सगळ्यांना जिलेबी वाटली. कारण विचारलं तर म्हटलं, माझं डोकं सापडलं.

पण शहाणपण असं एका जिलेबीत येत नसतं. शेवंताविरुद्ध तक्रारी वाढत होत्या आणि मला तिला वाचवायचं होतं. म्हणून मी काय करावं? मी तिला नाटक शिकवायला घेतलं! चौकीच्या मागे रोज सरावाची शाळा. "हात असा वर कर. डोळे मोठे. आता म्हण, श्श! कॉल!" ती मन लावून करायची. हात सरळ वर, वर्गात हजेरी देतात तसा. तिनं विचारलं, "किती वेळानं म्हनू?" मी माझ्याच तंद्रीत म्हटलं, "म्हण दर पंधरा मिनिटांनी." बस्स.

पुढच्या फेरीत तिच्या गाडीत नागपूरचे एक डॉक्टर सहकुटुंब बसले. पहिल्या "श्श! कॉल!" ला त्यांच्या बाईंनी नवऱ्याचा दंड घट्ट धरला. दुसऱ्याला डॉक्टरांनी कॅमेरा सरसावला. पाचव्यांदा तिनं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, हात वर केला, आणि डॉक्टरांना संशय आला. त्यांनी विचारलं, "बाई, खरंच कॉल आला का?" शेवंता म्हणाली, "नाई जी. पंधरा मिनटं झाली. मॅडमनं सांगतलं हाये." डॉक्टर बाहेर आले ते थेट माझ्या खिडकीशी. मी टेबलाखाली पेन शोधायच्या निमित्तानं बराच वेळ वाकून राहिले. एकीकडे लाजेनं मेल्यासारखं झालं होतं आणि एकीकडे हसू आवरत नव्हतं. धनराजभाऊंनी डोक्याला हात लावला, कारण साऱ्या गेटाची कला एका दिवसात उघडी पडली होती.

समितीनं ठरवलं, पावसाळ्यात जंगल बंद झालं की बैठक घ्यायची आणि शेवंताचं कार्ड काढायचं. गळ्यातलं कार्ड गेलं म्हणजे गाईडपण गेलं. हे कळल्यावर ती माझ्याकडे आली, भिंतीकडे पाहत उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, मले जंगलातून नका काढू. बाहेर लय आवाज हाये. धानाच्या रोवन्याच्या बांधीत बाया बोलतेत, गाने लावतेत, मी दोनदा पळून आली. भाऊ म्हनते आता घरातच बस. घरात टीवी हाये." एवढंच. रडली नाही की हात जोडले नाहीत. मला मात्र खिडकी बंद करून रडावं लागलं, कारण तिचं कार्ड माझ्या शहाणपणामुळे चाललं होतं.

हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात मी साधी पाहुणी म्हणून तिच्या गाडीत बसले. मी! जी सिनेमासुद्धा उभ्यानं पाहते. तीन तास बसले, आणि एकदाही घड्याळ पाहिलं नाही. तिनं मला एक वाळलेलं पान दाखवलं, ते उडून गेलं, कारण ते फुलपाखरू होतं. एका झाडाच्या सालीवर अस्वलाच्या नखांचे जुने ओरखडे आणि नवे ओरखडे वेगळे करून दाखवले. कॉल आला, तो खरा होता, आणि तिनं नुसतं बोट त्या दिशेला केलं. माझी चुळबुळी वृत्ती आणि तिचा ठाय लयीतला स्वभाव यांचं एवढं जमेल असं मला वाटलं नव्हतं. मला दर मिनिटाला नवं काही हवं होतं आणि तिच्याकडे दर मिनिटाला नवं होतं.

बैठकीत मी उभी राहिले. म्हटलं, "तिला बदलायचं नाही. गिऱ्हाईक बदलू. मी खिडकीवरच विचारते, वाघ पाहायचाय की जंगल? जंगल म्हणतील ते शेवंताच्या गाडीत." एकच गलका झाला. पाळी मोडायची? आजवर कोणी मोडली नव्हती! धनराजभाऊंनी मिशी ओढली. मग म्हणाले, "जंगलवाले गिऱ्हाईक म्हंजे तेच ना, हे झाड कोनतं, हे पाखरू कोनतं, याचं शास्त्रीय नाव काय? माहं डोकं दुखते त्याहिच्यानं. तिलेच द्या सारे." सगळे हसले आणि तिथंच घोडं गंगेत न्हालं. पण अट घातली. नवा हंगाम उघडल्यापासून दिवाळीच्या सुट्ट्या संपेपर्यंत पाहायचं. तेवढ्यात शेवंताच्या नावावर तक्रारवहीत तीन तक्रारी आल्या, तर कार्ड परत. शेवंतानं बोटांवर तीन मोजले आणि म्हणाली, "समजलं."

मग माझ्या खिडकीवर जी मजा सुरू झाली! "वाघ पाहायचाय की जंगल?" विचारलं की अर्ध्या घरांत भांडणं लागत. नवरा म्हणे वाघ, बायको म्हणे जंगल. एकानं विचारलं, जंगल घेतलं तर वाघ फ्री आहे का? गोंदियाचे एक व्यापारी म्हणाले, "मॅडम, दोनो मिक्स कर दो ना." एक निवृत्त हेडमास्तर जंगल म्हणून गेले आणि नंतर दर आठवड्याला येऊ लागले, वारुळाचा राहिलेला भाग ऐकायला. एका बाईंची आठ-नऊ वर्षांची मुलगी गेटावरच्या गोंगाटानं कान झाकून रडत होती. शेवंतानं खिशातला न वापरलेला कापूस तिच्यापुढे धरला. तीन तास दोघी एकमेकींकडे न पाहता एकाच दिशेला पाहत बसल्या असं तिची आई सांगत होती. परतल्यावर ती मुलगी गाडीतून उतरेना.

तक्रारीही आल्या. एका साहेबांना शेवंतानं सांगितलं, "तुमी बोलून राहिले म्हनून सांबर पळालं," ती एक. एका नव्या जोडप्याला म्हणाली, "तुमच्या सेंटनं मले मळमळते," ती दुसरी. शेवंता रोज सकाळी वही उघडून पाहायची आणि म्हणायची, "दोनच हायेत." मी म्हणायची, "अवं, पाहू नको ना!" ती म्हणायची, "काऊन? पाह्यल्यानं वाढते का?"

आणि आला सुट्टीचा शेवटचा दिवस. रांग रस्त्यापर्यंत. रायपूरचं एक घर आलं होतं, आजी, मुलगा, सून आणि नातवंडं. मुलाच्या गळ्यात हातभर लांब कॅमेरा. मी विचारायच्या आधीच तो म्हणाला, "टायगर! सिर्फ टायगर!" आणि मी, चार जण एकदम बोलत असताना, त्याच्या पुढे शेवंताचा नंबर लिहिला. तिनं चिठ्ठी पाहिली आणि खिडकीशी आली. "मॅडम, हे वाघवाले हायेत. हे माहे नाईत." मी मान वर न करता म्हटलं, "जा व तू लवकर, मागं गाड्या उभ्या आहेत." ती गेली. गाडी वळणाआड झाल्यावर मी वही पाहिली आणि माझी बोबडीच वळली. तीन तास मी गेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते. धनराजभाऊ म्हणाले, "मॅडम, बसा जी, जमिनीले खड्डा पडन."

गाडी परत आली ती गेट लावायच्या अगदी शेवटच्या मिनिटाला. आत सगळे हसत होते. माझ्या जिवात जीव आला. मी वही घेऊन नेहमीचं विचारलं, "काय दिसलं?"

शेवंता म्हणाली, "कोळी. मोठा, पिवळ्या-काळ्या पायाचा. मादी एक, नर एक. नीलकंठ दोन. वाघ एक."

"शेर?" मुलगा जागेवरून उडालाच. "कब? कहाँ?"

"तुमी कोळी पाहून राहिले होते तवा," शेवंता शांतपणे म्हणाली. "मांगून गेला. आरामात गेला."

"तो बताया क्यों नहीं!"

"कोळ्याचं अर्धं झालं होतं. अर्धं सोडून दुसरं कसं सांगू?"

ड्रायव्हरनं मान खाली घातली. तोही कोळीच पाहत होता. मुलगा लाल झाला, "शिकायत की किताब दो!" म्हणून ओरडला, आणि मी तक्रारवही पुढे केली. माझ्याच चुकीनं हे झालं होतं, आणि कार्ड तिचं जाणार होतं. तेवढ्यात मागच्या सीटवरून आजीबाईंनी वही हिसकली. "तू बैठ. पेन दे." त्यांनी नाकावर चष्मा चढवला आणि पानभर लिहिलं. मुलानं वाचलं, आधी कपाळाला आठ्या घातल्या आणि मग फस्सकन हसला. वही चौकीतल्या टेबलावर ठेवून सगळे गेले.

आजीबाईंनी लिहिलं होतं ते मी जसंच्या तसं देते. "शिकायत। समय बहुत कम है। मकड़ी इतनी बड़ी और उसका पति मूँग के दाने बराबर। बेचारा डरते-डरते जा रहा था। पहुँचा कि नहीं, यह देखने से पहले ही गाड़ी मोड़ दी, बोले गेट बंद हो जाएगा। यह अन्याय है।"

मी आणि धनराजभाऊ एकमेकांना धरून हसलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. आणि वळून पाहतो तर शेवंतानं गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं होतं. दोरी नीट गुंडाळून.

"तीन झाल्या," ती म्हणाली.

"अवं वेडे, ही तक्रार नाही, ही स्तुती आहे!" मी म्हटलं.

"वर 'शिकायत' लिहिलं हाये," ती म्हणाली आणि कापसाचे बोळे कानात घालू लागली. तिचं खरं होतं. अट आम्हीच घातली होती आणि ती तिनं पाळली होती. मी काय काय बोलले मला आठवत नाही, पण त्यातलं एकही तिच्यापर्यंत पोचलं नाही. ती चपला घालून दाराकडे निघाली.

तेव्हा धनराजभाऊ उठले. ज्यांनी आयुष्यभर हात वर करून लोकांना फसवलं, ते धनराजभाऊ. तिच्या समोर न जाता बाजूला उभे राहिले, तिच्यासारखेच भिंतीकडे पाहत, आणि हळू आवाजात एकेक शब्द सुटा करून बोलले.

"शेवंता, तक्रार हाये. मान्य. कायची हाये?"

तिनं एका कानातला बोळा काढला. "टाइम कमी हाये, याची."

"टाइम तू ठरवते का?"

"नाई."

"गेट कोन लावते?"

"मॅडम."

"मंग ही तक्रार कोनाच्या नावावर?"

शेवंता विचार करू लागली. बाहेर ड्रायव्हर गाड्या धूत होते. तिनं टेबलाशी येऊन वही पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली, ओळीखाली बोट फिरवत. मग कार्डाची दोरी उलगडली आणि गळ्यात घातली.

"मॅडमच्या नावावर," ती म्हणाली. माझं पेन तिनंच शोधून दिलं, आणि त्या पानावर, तिच्या नावाच्या जागी, मला माझं नाव लिहायला लावलं. लिहून होईपर्यंत ती बाजूला उभी होती.

"मॅडम, तुमची एक झाली," तिनं सांगितलं. "आनखी दोन."